चौथी चकती

देकेम्हारेत सकाळी नऊपर्यंत लोखंड गार असतं.
मागची चाकं काढलेला फियाट
लाकडी ओंडक्यांवर टेकलाय,
वहाणा काढून बसल्यासारखा.

मालक शेखद्दीन तीनदा सांगून गेला :
चढाला गप्प, उताराला कण्हतो.
भरलेला की रिकामा? गिरमायनं विचारलं.
दोन्ही.
मग खालचा नट सोडून
तेलाची पहिली धार त्यानं बोटांवर घेतली,
चोळली, हुंगली, उन्हात धरली.
चकाकी नाही. म्हणजे दाते शाबूत.
वास मात्र जळका.

इथं गिअरबॉक्सला कांब्यो म्हणतात, क्लचला फ्रिसिओने.
ज्यांनी हे शब्द आणले ते कधीच गेले.
शब्दांना सुटे भाग लागत नाहीत,
म्हणून चालतायत.

डिफरन्शियल खाली घ्यायला चौघं लागले,
त्यात एक खांदा माझा.
मी लेमलेम, या गॅरेजात दोन वर्षं.
हात बारीक म्हणून ठेवली, असं बाकीचे म्हणतात.
मोजताना घाई करत नाही म्हणून, असं गिरमाय.

पिनिअन निघाला, बेअरिंग निघालं,
खडबडीत, निळसर. कण्हणारा हाच.
त्याच्यामागच्या पातळ चकत्या
एकेक डिझेलनं धुऊन मी फडक्यावर मांडल्या.
एक. दोन. तीन.
चौथी कारखान्यातली नव्हती.
कात्रीनं कापलेली,
एका जागी हात अडखळल्याची खूण,
आणि कडेला, इतकी वर्षं तेलात मुरून,
अर्धा टोमॅटो.

गिरमाय बराच वेळ फडक्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, बाराखी.

बाराखी मिस्त्री. त्यांच्या हाताखाली हा नऊ वर्षं होता.
अस्सल भाग येईपर्यंत थांबू, हा म्हणाला.
जहाज कधी येईल ते तू सांग, ते म्हणाले,
डबा इथं आहे, गिऱ्हाईक इथं आहे,
मसावापर्यंत पोहोचेल.
यानं पाना खाली ठेवला, फाटकाबाहेर पडला,
त्या फाटकातून परत आत आला
तो त्यांना उचलायलाच.

मोज, मला म्हणाला.
तेवीस शतांश.
पाकिटात नवी वीसची होती, आणि तीसची.
आधी वीसची बसवली.
दात्यांना शेंदूर लावला,
(देवाला नाही, दात्याला, इथंही तोच लाल)
मी चाक हातानं फिरवलं,
खूण दात्याच्या एका टोकाला गेली.
पुन्हा सगळं खोललं. तीसची.
खूण दुसऱ्या टोकाला.
जेवायची वेळ टळली. कोणी काही बोललं नाही.
तिसऱ्यांदा त्यानं न सांगता हात पुढे केला
आणि मी टोमॅटो त्याच्या तळव्यावर ठेवला.

मधोमध.
तांदळाच्या दाण्यासारखी, स्वच्छ, मधोमध.

तो शिव्या देऊ लागला.
कोणाला ते कळेना,
पण त्यात म्हाताऱ्याच्या आईचं नाव होतं
आणि आवाज नीट लागत नव्हता.

संध्याकाळी बिल.
बेअरिंग एक. सील दोन. तेल. मजुरी.
खाली त्यानं लिहिलं : चकती, बाराखी.
रकमेची जागा कोरी.
हा कोण? शेखद्दीननं विचारलं,
याला किती द्यायचे?
दिलेस तू, गिरमाय म्हणाला. कधीच.

ट्रक निघाला तेव्हा अंधार पडला होता.
वळणापर्यंत आम्ही कान लावून उभे होतो,
पण तिथं चढ आहे,
आणि चढाला तो आधीही गप्पच होता.
उतार पलीकडे, घाटात.
माझ्या नखांतला शेंदूर
साबणानं गेला नाही.