बातमी हिवाळ्यात येते

झिंदेरच्या टपाल कचेरीमागे, कडुनिंबाखाली
लवाली तीस वर्षं बॅटऱ्या बघत बसला.
गिऱ्हाईक पैसे काढायच्या आधी एकच विचारायचं :
किती टिकेल?
लवाली खिळा घेऊन बॅटरीच्या पाठीवर
महिना कोरायचा, साल कोरायचा,
म्हणायचा, जन्मतारीख मी लिहिली.
पुढचं तू.

पुढचं म्हणजे काय, हे सांगण्यात मात्र
फुकटचा अर्धा तास घालवायचा.
घट्ट आवळून बांध रे. तानूतच्या रस्त्याला
खड्ड्यागणिक आतल्या प्लेटा एकमेकींवर डोकं आपटतात.
सावलीत लाव. सावली सरकली की गाडी सरकव.
पाणी दे, पण विहिरीचं नको,
विहिरीचे क्षार तिच्या पोटात घर करतात.
औषधाच्या दुकानातलं दे, बाटलीतलं,
ज्याला कसलीच चव नसते असं.
ॲसिड वरून ओतशील तर माझ्याकडे येऊ नकोस,
ॲसिड उडून जात नाही, उडतं ते पाणीच.
आणि टोकांवर पांढरा-निळा मोहोर धरला तर
सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश,
वर बोटभर शियाचं तूप.

शाइबूचा भाऊ ल्यों शहरात टॅक्सी चालवायचा.
एका जानेवारीत त्याचा फोन आला,
बर्फ पडला, बॅटरी मेली.
लवाली इतका हसला की खोकला लागला.
थंडीनं नाही मारली बाबा,
मारली ती ऑगस्टनं.
बातमी तेवढी हिवाळ्यात पोचली.
शाइबू म्हणाला, मग आपल्याकडे तर बारा महिने ऑगस्टच.
तर! लवाली म्हणाला, माझी चूल कशावर पेटते?

गेल्या एप्रिलात,
पान्याला हात लावला तर फोड यावा असल्या दिवसांत,
नियामेहून त्याची मुलं आली.
बाबा, पुरे आता. बसा.
चटई आणली, पंखा आणला, रेडिओ आणला.
तो बसला.

उभी गाडी बॅटरी वाचवत नाही, बल्किसा,
हे त्यानंच मला शिकवलेलं.
नुसती ठेवलेली बॅटरी आतल्या आत स्वतःला खाते,
प्लेटांवर पांढरी साय धरते,
आणि ती साय एकदा कडक झाली
की वीज नुसती वरवरून वाहून जाते.

डिसेंबरात हरमाटनची धूळ सुटली
तेव्हा मी त्याला भेटायला गेले.
त्यानं मला हादिझा म्हणून हाक मारली.
हादिझा त्याची बहीण. मी जन्मायच्या आधीच गेलेली.
मुलं म्हणाली, थंडी बाधली.
मी काही बोलले नाही.
मी एप्रिल मोजत होते.

आता रोज सकाळी हातगाड्यावर एक बॅटरी घालून
त्याच्या चटईशेजारी नेते.
जोरात चार्ज केलं की आतलं पाणी उकळतं,
हेही त्याचंच, म्हणून सावकाश.
एक प्रश्न. बरा दिवस असला तर दोन.
काचेच्या नळीत ॲसिड ओढून हातात देते;
आतला तरंगता काटा कुठे थांबलाय
ते मला दिसतच असतं, तरी विचारते.
तो दोन्ही हातांनी नळी उजेडाकडे धरतो.
तिसरा खण अशक्त आहे, म्हणतो,
रात्रभर लाव, घाई करू नकोस.
बरोबर असतं.
परवा मध्येच म्हणाला, बल्किसा, खिळा कुठे ठेवलास?
आज पुन्हा हादिझा.

नियामेहून मोठ्या मुलाचा फोन येतो.
इकडचं तिकडचं होतं, कांद्याचा भाव होतो,
मग थोडा वेळ दोन्हीकडे नुसती खरखर,
आणि शेवटी तो विचारतोच
जे सगळी गिऱ्हाइकं विचारतात.

मी म्हणते, नंतर बोलू.
सावली सरकलीय,
चटई सरकवायचीय.