लटारी निकुरेची उधारी

माझ्या वहीत अजून आहे तो.
पान सत्तेचाळीस : लटारी निकुरे, गांगलवाडी,
दोन माइक, एक भोंगा, अकरा रात्री.
जमा : निरंक.

शंकरपट उठला, बैल घरी गेले
की रात्री नाटक, धानाच्या बांधीत खड्डा खणून.
राजवाडा काढून पोलीस ठाणं लावायला
पंधरा मिनिटं लागत.
तेवढ्यापुरता पडद्यापुढं लटारी. एकटा.
अंगात बायकोचं स्वेटर, एकाच पायात मोजा.
दुसऱ्या मोज्याचं विचारलं तर म्हणे,
“तो वडस्याच्या पार्टीत हाये. मोठा रोल भेटला त्याले.”

जोक मात्र पुरा सांगायचा नाही.
सासऱ्याला सायकलसकट नाल्याच्या काठावर आणायचा,
मंडप श्वास धरून,
आणि हा घड्याळ बघायचा :
“राह्यलेला उद्या, मेंडकीले.”
लोक शिव्या देत. आणि मेंडकीला जात,
बोऱ्या काखेत, पोट्टे खांद्यावर.
तिथं सासरा एकदाचा पडायचा
आणि मेंडकीवाल्यांना समजायचंच नाही
हे गांगलवाडीचे काऊन हसून राहिले.

मग कुणीतरी त्याला लग्नाचा जुना कॅमेरा विकला.
दोन बकऱ्या गेल्या, कौतिकाचं शिवणयंत्र गेलं,
कौतिका दिवाळीपर्यंत बोलली नाही.

पहिला पिच्चर भुताचा.
भूत वेळेवर येत नाही,
माणसं त्याची वाट बघत म्हातारी होतात.
सव्वा तास, निव्वळ वाट.
टॉकीजवाल्यानं दुसऱ्या दिवशी सीडी परत केली.
लटारी खूश : “भूत आलं नाई तरी लोक पळाले, पाय!”

दुसऱ्यात पटाचा पंच होता रेडा.
मालक अडून बसला : याच्या जातीनं वेद म्हटले,
अन् तुम्ही याले एक शब्द देऊन नाही राहिले.
तो पिच्चर तिथंच थांबला.
रेडा नंतर विकला गेला, चांगल्या भावात.

तिसऱ्याला त्यानं मला बोलावलं.
“फोकस आण. पन उलटा लाव.”
उलटा म्हणजे?
“लोकाइकडे.”
भोंग्याच्या पेटीवर बसून बिडी विझवत म्हणाला,
“वीस वर्सं फोकस माह्या डोयात.
हासनं आयकलं, पाह्यलं नाई कधी.
कोन हासते, कोन झोपते, मले काय मालूम?
खड्ड्यात अंधार अस्ते.
अन् अंधार हासते.”

कॅमेऱ्यामागं तो, म्हणून पडद्यापुढं मी.
मला एक जोक येत नाही.
सासऱ्याला मी आधीच नाल्यात पाडलं,
सायकल मागाहून आणली.
लोक माझ्यावरच हसले, आणि मला दिसले :
पदर दातात धरून हसणारी,
आधी सरपंचाकडे बघून मग हसणारा,
बोरं खाणारं एक पोट्टं, ते हसलंच नाही, बी थुंकलं.
तिसऱ्या ओळीत कौतिका. तोंड शिवलेलं.

लटारीनं ते पाहिलं असावं.
कॅमेरा घेऊन तिच्याकडे सरकला, सरकला,
आणि धाडकन खड्ड्यात.

पिच्चरमध्ये आहे ते :
चित्र कलंडतं, थोडं आभाळ, थोडी तणस,
मग पाय, एकाला मोजा.
आणि कौतिकाचं हसू, नुसता आवाज.
ती हसली तेव्हा तो तोंडघशी मातीत होता.
पुन्हा ऐकणंच आलं वाट्याला.

पाहिलं ते मी.
दर पटाला तो येतो, चहा मागवतो, विचारतो,
“सांग ना बे, कशी हासली?”
मी वही काढतो. पान सत्तेचाळीस.
घड्याळ बघतो.
“राहिलेलं उद्या. आधी उधारी.”

मागच्या साली त्यानं खरंच नोटा मोजून ठेवल्या.
मी म्हणालो, दहा कमी आहेत.
कमी नव्हते.
पुरे झाले असते तर सांगावं लागलं असतं,
आणि मला, म्हटलं ना,
सांगता येत नाही.