फुलांऐवजी

संस्था म्हणजे काय, तर आम्ही चौघं,
एक चहाची किटली, नऊ आसनांची जुनी गाडी
आणि भिंतीवरच्या नकाशात बेलमलेट ते कॅसलबार हा रस्ता,
बोटं फिरून फिरून पांढरा पडलेला.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला निघायचं,
मूत्रपिंडं थकलेल्यांना यंत्रापाशी सोडायचं,
रक्त धुऊन होईस्तोवर थांबायचं, परत आणायचं.
एवढंच काम.

चालक कमी पडू लागले तेव्हा डब्लिनहून एक बाई आल्या,
प्रसिद्धी कशी करावी ते शिकवायला. फुकट. मनानं चांगल्या.
फळ्यावर त्यांनी लिहिलं: तुमचा श्रोता कोण?
अट्रॅक्टा म्हणाली, "वारा."
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सगळं एका वाक्यात सांगा.
सबंध दुपार आम्ही त्या वाक्यात शिरायला धडपडलो,
ओल्या मोज्यात पाय घालावा तसे.

मग मी लिहू लागले,
कारण शाळेत माझं अक्षर बरं होतं.
पहिलं पत्रक: स्वयंसेवकांची निकड.
दुसरं: तातडीची निकड.
तिसऱ्यात विशेषणं वाढली, चौथ्यात आकडे.
साप्ताहिकानं एकदाच छापलं,
मेंढ्यांच्या बाजारभावाखाली,
फोन नंबरातला एक अंक चुकवून.
दोघांनी फोन केला म्हणे. तो लागला बॅलिनाच्या एका सुताराला.
भला माणूस, शोधून काढून त्यानं आम्हाला कळवलं,
पण तोवर त्या दोघांचा उत्साह विरला होता.

फोटो हवा, बाई म्हणाल्या होत्या. चेहरा हवा.
मॅलकी पॅडन म्हणाला, चेहरा नको, हात घे.
बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत
सुया टोचून टोचून दोरखंडासारखी झालेली शीर.
"कान लाव," म्हणाला.
लावला. आत गुणगुणत होतं काहीतरी,
पेटीत कोंडलेल्या मधमाशीसारखं.
"हे छापता येईल?"
मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

फेब्रुवारीत मॅलकी गेला.

आमच्याकडे रेडिओवर रोज दोनदा निधनवार्ता वाचतात.
तेवढा वेळ दुकानदाराचा हात काट्यावर थबकतो,
भांडणं अर्ध्या शिवीवर थांबतात.
रेडिओ ऐकत नाही म्हणणारेही ऐकतात.
त्या सकाळी निवेदिकेनं वाचलं, रोजच्याच सपाट आवाजात:
मॅलकी पॅडन, ग्लेनकॅसल. राहत्या घरी, शांतपणे.
मागे बहीण ब्रीजी.
अंत्यदर्शन उद्या पाच ते आठ.
फुलं आणू नयेत.
फुलांऐवजी एक मंगळवार द्यावा.
मग आमचा नंबर. सगळे अंक बरोबर.

त्यानंच लिहून ठेवलं होतं ते,
औषधांच्या पावतीमागं,
पेन्सिलनं. विशेषण एकही नाही.

तेरा मंगळवार आले.
पोस्टातल्या फेस्टीनं दिला,
मासळीच्या कारखान्यातल्या युरिसनं दिला, रात्रपाळी बदलून.
एका बाईनं अर्धाच दिला,
उरलेला अर्धा गायींचा होता.

डब्लिनहून विचारणा आलीय:
ही मोहीम कशी आखलीत, चार ओळींत कळवा, इतरांना उपयोग होईल.
दोन आठवडे झाले. माझ्या चारही ओळी कोऱ्या आहेत.

शनिवारला मात्र अजून कुणी नाही.
म्हणून उद्या मीच जाणार.
मागच्या डाव्या आसनावर, मॅलकीच्या जागी,
बँगोरची एक नवी बाई बसते. बोलत नाही.
हात मांडीवर, स्वेटरखाली.
दवाखान्यासमोर इंजिन बंद केल्यावर
मी लगेच दार उघडत नाही.
थोडी थांबते.
ऐकू येतं का बघते.