बरोबरीची मतं

राज्याचं नाव गोदावरीला काही केल्या जमत नाही.
इस्कॉनशीन म्हणते, मध्येच विसकासीन.
मी तरी कुठं नीट म्हणते?
मोनाली सांगते तेव्हा सोपं वाटतं,
फोन ठेवला की जिभेवरून घसरतं.

सकाळचे साडेसात. तिकडे रात्रीचे आठ,
म्हणजे ते लोक अजून कालच्याच दिवसात आहेत
आणि त्यांचं मतदान आत्ता संपलं.
खाटेवर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल.
पडद्यावर एकच राज्य, कडेनं फाटलेल्या पोळीसारखं,
त्याचे तुकडे लाल होतात, निळे होतात,
काही अजून पिठाचेच.

ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याची दहाच्या दहा,
असं नातवानं रात्री समजावलं होतं.
गोदावरी म्हणाली,
"मंग बाकीच्याईनं काहाले रांगा लावल्या?"

हे तिनं मला विचारावं!

सत्त्याण्णव साल. वॉर्ड नंबर दोन, महिला राखीव.
तिला एकशे सत्त्याऐंशी, मला एकशे सत्त्याऐंशी.
तहसीलदारांनी दोनदा मोजली,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
एक मत बाद. शिक्का नेमका रेघेवर,
अर्धा तिच्या कपबशीवर, अर्धा माझ्या शिलाई मशीनवर.
कोणाचं ते, मला कधी कळलं नाही.
संशय मात्र चार घरांवर होता,
त्यातली दोन घरं आता राहिलीही नाहीत.

मग पेढ्याचा रिकामा डबा. दोन चिठ्ठ्या.
चहावाल्या रंगरावची पोट्टी बोलावली, सहा वर्षांची.
फ्रॉकला हात पुसत आली.
"डोळे मीट, बेटा."
तिनं इतके घट्ट मिटले
की नाकाला सुरकुत्या पडल्या.

बाहेर उडाला तो गुलाल माझा नव्हता.
पाच वर्षं मी गोदावरीच्या दारावरून गेले नाही,
नाल्याकडून वळसा घालून पाण्याला जायचे.
आणि तीच पोट्टी संध्याकाळी माझ्या ओट्यावर
पाढे म्हणायला यायची. तेरावर अडखळायची.
तिच्यावर काय रागवणार?
राग यायचा तो तिच्या मनगटाखाली,
पाटीवर अक्षर काढताना.

साडेआठला तिचा फोन आला.
दोन तास रांगेत होती, शाळेच्या खेळाच्या खोलीत.
छापील कागद, काळा पेन, नावापुढचा गोल भरायचा.
"अन् शाई?"
"नाही काकू, चिकटवायला कागद देतात छातीवर."
"धुण्यात जाईन," गोदावरी म्हणाली,
आणि स्वतःचं बोट उलटंसुलटं करून पाहिलं.
"कोनाले देलं वं?"
"गुप्त असते ना काकू."
"लय मोठी झाली. तवा तं साऱ्याईले उघडून दाखोली होती."

ती हसली, मग थांबली.
खाली एक पद होतं म्हणे, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्याचं.
दोन नावं, एकही ओळखीचं नाही,
मागे माणसं खोळंबलेली.
"मी डोळे मिटले काकू, अन् पेन टेकवला."

इकडे आम्ही दोघी, तिकडे ती,
कोणीच बोलेना.
मग गोदावरीनं तोंडाला पदर लावला
आणि तिचे खांदे हलायला लागले.
"बाप्पा! लागली असन कोनाची तरी वाट."

दुपारपर्यंत पिठाचे तुकडे कमी झाले.
आकडे इतके जवळ की नातू नखं खात बसला.
गोदावरी उठली, कापूस वेचणाऱ्या बायांना चहा न्यायचा होता.
चपलेचा अंगठा पायानं शोधत,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"ते मधातलं मत माहं होतं."

"तुहं?"

"बुवानं फारम भरला होता. मले कोनं इचारलं?
आत गेली, शिक्का हातात घेतला,
अन् मलेच समजेना मले काय पाह्यजे."

फाटक लावून गेली.
मी तांब्या उचलला, पाणी प्यायले.
मोबाइल खाटेवर आडवा पडला,
आडव्यानंच मोजत राहिला.