चिकटलेली पानं

पाळकसाहेब सहा आठवड्यांतून एकदा येतात,
तेही समुद्राच्या मनात असलं तर.
एरवी आमचा हानुसच उभा राहतो पुढं,
आठवडाभर जाळी सांधणारे हात
रविवारी साबणानं घासून,
आणि जाडजूड पुस्तकातून वाचतो
कुणा मेलेल्या माणसानं लिहिलेलं प्रवचन.

चर्चची किल्ली माझ्याकडे.
सकाळी आठला जाते.
आधी दारातली मेंढरं हाकलते,
उंबऱ्याशी वारा लागत नाही हे त्यांनाही कळतं.
शेगडी पेटवते. छताला टांगलेल्या
लाकडी जहाजावरची धूळ झटकते.
मग गीतांचे आकडे फळीवर.
नवाचा आकडा कधीचा हरवलाय,
तिथं सहा उलटा टांगते.
एकाच गीताला सहा आणि नऊ दोन्ही लागले
की हानुस गीतच बदलतो.

आज आम्ही सात जण.
कोकरं व्हायचे दिवस, तरणी मंडळी डोंगरावर.
बहिरा टुम्मास प्रत्येक ओळ
आमची संपल्यावर सुरू करतो,
त्यामुळे आमचं प्रत्येक गीत
थोडं जास्त वेळ टिकतं.
ओल्युवाच्या कोटाला माशाचा वास.
माझ्याही असेल.
आणि उजवीकडे, खिडकीपाशी,
माझी जाऊ मार्युन.

एका मेंढ्यावरून बिनसलं आमचं.
मेंढा त्याच हिवाळ्यात कड्यावरून पडून मेला.
अबोला जगला. आठ वर्षांचा झाला यंदा.

आजचं प्रवचन तीन वर्षांनी फिरून येतं.
कुठं हानुस खाकरणार, तेही मला पाठ आहे.
त्यानं बोट ओलं केलं, पान उलटलं,
आणि "भाऊ तुझ्या दाराशी उभा असेल, तर"
इथून थेट
"पिंपांची झाकणं घट्ट लावावीत" वर गेला.
न अडखळता.
टुम्मास झोपलेला. ओल्युवा शेगडीकडे बघत होती.
बाहेर वारा गवताच्या छपरावर
हात फिरवत होता.
कुणालाच काही नाही.

मला कळलं. दोन पानं चिकटलीत.
नाताळात मीच तिथं मेणबत्ती ठेवली होती,
आणि ती गळताना मी बघत बसले होते
दुसरीकडेच कुठंतरी.
क्षमेचं जे काही होतं
ते सगळं त्या दोन पानांत.

मान वर केली
तर मार्युन माझ्याकडे बघत होती.
म्हणजे तिलाही पाठ होतं.
इतकी वर्षं, तीन वर्षांनी एकदा,
तीही खिडकीपाशी बसून
ते पान येण्याची वाट बघत होती की
ते जाण्याची, देव जाणे.
तिच्या ओठांचा कोपरा हलला.
हसू म्हणणार नाही मी त्याला.

उपासना संपल्यावर कॉफीला थांबली नाही.
कधीच थांबत नाही.
सहा कप विसळले.
मग शेगडीवर सुरी कोमट केली,
जपून, केसागणिक, सोडवली ती पानं.
कागद तेलकट झालाय,
पलीकडची अक्षरं अलीकडे दिसतात,
एका वाक्यातून दुसरं वाक्य डोकावतं.
वाचली नाहीत. दोन्हीकडून
एकदम वाचायला डोळे नाहीत तेवढे.

कुलूप लावायला बाहेर आले
तर उंबऱ्यात एक मेंढी परत आलेली,
पोटाखाली ओलं कोकरू, तासाभराचं.
मेंढीच्या कानाला दोन खाचा. मार्युनची.
दर रविवारी हिलाच मी
सगळ्यांत आधी झाडू दाखवते.

कोकरू कोटात घेतलं.
मेंढी ओरडत मागून आली,
साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी.
उताराची वाट पायांना आठवत होती,
मला नव्हती.
फाटकाची कडी तीच, गंजकी,
अजून तशीच कुरकुरते.
मी ती एकदा वाजवली. मग थांबले.
कोटात काहीतरी
माझं बटण चोखत होतं.