डिपॉझिट

करारात लिहिलं होतं : भिंती होत्या तशा परत कराव्यात.
अकरा महिने, मग अकरा, मग आणखी दोनदा अकरा,
चेंबूरच्या टिळकनगरात, दुसऱ्या मजल्यावर.
मोरीपासून खिडकीपर्यंतची ती एकच भिंत मोकळी होती,
तिच्यावरूनच सगळं प्रकरण.

रंगारी आला, खलीलभाई. आल्या आल्या उकिडवा बसला,
कारण काम जमिनीपासूनच सुरू होत होतं.

फरशीच्या वर चार बोटं, ते रेवूचं दीड वर्ष.
नुसती ये-जा. हात खांद्यातून फिरायचा,
फरशी पुसणाऱ्या शेवंताबाईंसारखा, अर्धगोल, अर्धगोल.
रेघेकडे बघायचीसुद्धा नाही ती.
खडू संपला तरी हात चालूच.
आम्ही ओरडलो. मग कागद दिला. कागद तिला पुरेना.

वीतभर वर कोपर जागं झालेलं दिसतं,
त्याच्याही वर मनगट : भोवरे, गुंतवळ,
माझ्या कंगव्यात निघते तशीच.
आणि प्लगच्या बोर्डाखाली
तो गोल.

मी भेंडी चिरत होते.
रेघ निघाली, वळली, लांबून फिरून
जिथून निघाली होती तिथंच येऊन टेकली.
रेवू थांबली. एरवी ती थांबत नसे.
बोटानं चाचपून पाहिलं, फट राहिली का कुठे.
माझी भेंडी करपली त्या दिवशी.

मग गोलच गोल. काय गं हे? "भूभू."
संध्याकाळी तीच इडली झाली,
दुसऱ्या दिवशी बाबा.
राजावाडीच्या लॅबमध्ये मी नमुन्याचं नाव
असं तीनदा बदललं, तर घरी बसवतील.

तीन पुरी व्हायच्या सुमाराला गोलाला पाय फुटले.
डोकं, डोळे, लगेच पाय. हात कानांतून.
सासूबाई घाबरल्या, डॉक्टरांना विचार म्हणाल्या.
मी रेवूलाच विचारलं, पोट कुठंय याचं?
"आत आहे."
एवढं साधं मला कळू नये
याचं तिला वाईट वाटलं असावं.

आत काय काय असतं ते पुढच्या वर्षी दिसलं :
बेस्टच्या बसमधले सगळे, पायांसकट;
आत्याच्या पोटात बाळ, बाळाच्या हातात फुगा;
बंद पिशवीतल्या चिंबोऱ्या, पाय मोजून सहा-सहा,
कारण पुढचे आकडे अजून यायचे होते.
मी दारापेक्षा मोठी. त्या दिवशी मी तिला मारलं होतं.

सगळ्यांत वर, स्टुलावर चढून काढलेलं :
खाली हिरवी पट्टी, वर निळी, मधलं कोरं.
आभाळ खालपर्यंत का नाही गं?
"वर असतं ना ते."

खलीलभाई म्हणाला, मेणाचा खडू आहे ताई,
याच्यावर रंग धरत नाही. घासायला लागेल.
मी चहा ठेवायला आत गेले, आत म्हणजे चार पावलं.
घासण्याचा आवाज येत राहिला.
दोन हात दिले त्यानं. भिंत होती तशी झाली.

आता आम्ही मानखुर्दला, सातव्या मजल्यावर.
रेवू शाळेत जाते. दोन डोंगर काढते, मधून सूर्य,
कौलारू घर, नदी, चाराच्या आकड्याचे पक्षी.
असं घर तिनं कुठं पाहिलंय विचारू नका.
बाईंनी स्टार दिला. फ्रिजवर लावलंय आम्ही.

दीड महिन्यानं मालकांचा, बांदिवडेकरांचा, फोटो आला.
पांढऱ्या रंगातून कुणीतरी वर येत होतं :
पिवळट डोकं, दोन पाय.
खाली मजकूर : सहा हजार कापले आहेत.

रेवूनं फोन ओढून घेतला,
दोन बोटांनी मोठं करून पाहिलं.
"कुणी काढलंय हे? हात खांद्यातून येतात.
आणि ह्याला तर पोटच नाहीये."

आत आहे, मी म्हणाले.