तीन ओळींची जागा

जिल्ह्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
‘अनपेक्षित अडचणी’.
त्याखाली तीन ओळींची जागा.

नारीनहून वर, चार तासांच्या वाटेवर आमची शाळा.
एकशे बारा मुलं, नऊ खोल्या, एक बॉयलर
आणि त्या बॉयलरचा स्वभाव ओळखणारा
अख्ख्या गावात एकच माणूस, तोकतोसून.
जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी तो आलाच नाही.
त्याची बायको आली.
म्हणाली, रात्रीच गेला, भाच्याबरोबर, मॉस्कोला,
तिथे नुसता बर्फ उपसायचेही पैसे देतात म्हणे.
आणि सासूनं कमरेची किल्ली काढून द्यावी
तशी बॉयलरघराची किल्ली
माझ्या तळहातावर ठेवून गेली.

बाहेर उणे एकतीस.
फळा पुसायचं ओलं फडकं
शिक्षा झालेल्या पोरासारखं ताठ.

मी इतिहासाची बाई.
मुख्याध्यापक होऊन अडीच महिने.
मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं,
तुमची दूरदृष्टी काय?
मी काहीतरी बरं बोलले होते.
आता बॉयलरच्या तोंडाशी गुडघे टेकून
धुरात मला माझाच हात दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पेटला.
चौथ्या दिवशी कोळसा संपला.

फोनवर साहेब म्हणाले, घाट बंद आहे.
कधी उघडेल?
ते घाटाला विचारा.
मग मुलांना घरी पाठवू?
पाठवा की.
आणि दुपारचं गरम सूप?
तिकडून फक्त खरखर आली.

शुक्रवारी सकाळी बेगिमाई आली, दुसरीतली,
पाठीवर दप्तर, पोटावर पोतं.
पोत्यात गोवऱ्या.
आजीनं दिल्यात, म्हणाली,
उन्हाळ्यात थापलेल्या, चांगल्या खणखणीत.
मागून दोघं भाऊ. मग पाचवीचा अख्खा वर्ग.
गणिताचे सर नाक धरून म्हणाले,
एजे, ही शाळा आहे की गोठा?
मी म्हटलं, सध्या चूल आहे. जरा सरका.

इथपर्यंत सांगायला मला आवडतं.

पुढचं असं, की मी एक वही केली.
कोणी किती आणल्या, नावापुढे आकडा.
नीट, लाल रेघ मारून.
हिशेब नको का ठेवायला?
मंगळवारी खिडकीतून पाहिलं,
फाटकाबाहेर इल्गिज उभा, सातवीतला,
हात बगलेत, टोपी नाही.
आत ये म्हटलं तर जागचा हलेना.
एजे, आमच्याकडे गाय नाही.

एवढंच बोलला, आणि वळून
आपल्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवत
उतारावरून निघून गेला.

वही मी बॉयलरमध्ये टाकली.
छान पेटली, गोवरीपेक्षा पटकन,
आणि तेवढ्याच पटकन विझली.

चार दिवस तो आला नाही.
पाचव्या दिवशी मी गेले, गुडघाभर बर्फातून.
त्याच्या आईनं चहा दिला,
मीठ घातलेला, दूध नसलेला.
मी माफीची वाक्यं वाटेत जुळवली होती,
ती कपातच राहिली.
भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं त्याचं प्रशस्तिपत्र,
त्यावर जुन्या मुख्याध्यापकांची सही.
निघताना मी एवढंच म्हटलं,
उद्या भूगोलाची चाचणी आहे.
तो म्हणाला, माहीत आहे.

आला. भूगोलात नापास झाला.
माझ्याकडे अजूनही बघत नाही.

कोळशाचा ट्रक अठरा दिवसांनी आला,
निम्मा चुरा, निम्मे दगड.
चालकानं माझे हात पाहून विचारलं,
मुख्याध्यापक कुठे भेटतील?

आज महिन्याची अखेर. फॉर्म समोर आहे.
नखांतली काजळी कोपऱ्यात उमटली,
खोडली, तर आणखी पसरली.
‘अनपेक्षित अडचणी’, तीन ओळी.
घाट? तोकतोसून? धूर?
यातलं अनपेक्षित नेमकं काय होतं
ते लिहायला
मला माझंच नाव लिहावं लागेल.

पहिल्या ओळीवर लिहिते:
फावडं, एक. दांडा लांब हवा.

बाकीच्या दोन
तशाच ठेवते.